बोलणं उशिरा येतंय: थांबायचं कुठे आणि कुठे नाही

तुम्ही विचारलंत, मुलाच्या बोलण्याची तीन वर्षांपर्यंत वाट बघायची का? तुमचा मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा. शब्द पाच-सहाच: आई, पप्पा, नाय, बू, भुर्र. सांगितलेलं सगळं कळतं, हवं ते हात धरून दाखवतो. सासूबाई म्हणतात, त्याचा बापूसही तीन वर्षांचा झाल्यावर बोलायला लागला. गावातले डॉक्टरही तीनपर्यंत वाट बघू म्हणाले. मुंबईची नणंद सांगते, आतापासून इंग्रजीतच बोला. नवरा मुंबईला, आणि देवगडहून दर आठवड्याला स्पीच थेरपिस्टकडे, म्हणजे बोलण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे, जाणं तुम्हाला शक्य नाही. प्रश्नात एवढं सगळं आहे, तेव्हा उत्तरही लांबणार.

मी डॉक्टर नाही. माझी मुलगी आता सातवीत आहे, तिचंही बोलणं असंच अडलं होतं. तेव्हापासून आमच्या भागातल्या बऱ्याच आईवडिलांच्या सोबतीला मी गेले आहे. त्यातून जे कळलं ते लिहिते.

तीन वर्षांपर्यंत थांबू नका. दोन वर्षांच्या आसपास मूल साधारण ५० शब्द वापरतं आणि ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडायला लागतं. प्रत्येक मूल वेगळं हे खरं, आणि उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात हेही खरं. पण आपलं मूल त्यातलं आहे की नाही, हे आज कुणालाच सांगता येत नाही. तपासून सगळं ठीक निघालं तर एक दिवस गेला एवढंच. न तपासता वर्ष घालवलं तर मात्र भाषा सगळ्यात वेगानं शिकण्याच्या वयातलं वर्ष जातं. वडील उशिरा बोलले होते, ही माहिती थेरपिस्टला नक्की सांगा. उशिरा बोलणं घराण्यात असू शकतं, आणि म्हणूनच अशा घरातल्या मुलाकडे जास्त लवकर बघायला हवं.

सुरुवात कानापासून करा. ‘फटाका वाजला की दचकतो, ऐकू येतं त्याला’ असं घरात सगळे म्हणतील. मोठा आवाज कानावर पडणं वेगळं आणि बोललेलं नीट ऐकू येणं वेगळं. स, श, फ हे आवाज हलके आणि उंच पट्टीतले. ऐकण्यात थोडी जरी कसर असली तरी तेच आधी गळतात. त्यात आपल्याकडे चार महिने पाऊस, मुलांची नाकं वाहत असतात. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहतं. बहुतेक वेळा दुखत नाही, ताप येत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मुलाला मात्र कानात बोटं घातल्यासारखं ऐकू येत असतं. माझ्या मुलीचं तेच निघालं. कानाचे उपचार झाले, ऐकू नीट येऊ लागलं, तरी मागे पडलेले शब्द भरून काढायला थेरपी लागलीच.

कान-नाक-घशाचे डॉक्टर पडदा बघतील. टिंपॅनोमेट्रीत पडद्यामागचं पाणी कळतं. ओएई, म्हणजे आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का हे बघणारी तपासणी, काही मिनिटांत होते. बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी, मात्र मूल झोपलेलं असताना करतात, डोक्याला आणि कानामागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवून. इथेच आपल्या लोकांची फेरी फुकट जाते. पोर पहाटे उठतं, गाडीत बसल्या बसल्या झोपतं, घाटी-वळणं संपेपर्यंत त्याची झोप पुरी होते आणि तिथे पोचल्यावर ते टकाटका बघत बसतं. म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि वाटेत कुणीतरी त्याला जागं ठेवायला सोबत घ्या. आदल्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. काही ठिकाणी झोपेचं औषध देतात. त्याआधी किती वेळ खायला द्यायचं नाही, हे फोनवरच विचारून घ्या.

पैशाची आणि अंतराची काळजी तुम्ही लिहिली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि विकासात मागे पडणारी मुलंही तपासतं. पथकाची वाट न बघता अंगणवाडीताईंना आजच सांगा, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळवून देऊ शकतात. अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी, म्हणजे लवकर निदान आणि उपचाराचं केंद्र, असतं आणि तिथली तपासणी मोफत असते. तुम्हाला ओरोसचं जिल्हा रुग्णालय पडेल. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारे, आणि स्पीच थेरपिस्ट कोणत्या वारी बसतात ते विचारूनच निघा. मुंबईला नवऱ्याकडे जाणं होणार असेल तर वांद्र्याची अलीयावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. खासगी थेरपिस्ट गाठलात तर बीएएसएलपी (ऐकण्या-बोलण्याच्या उपचारांची पदवी) किंवा त्यापुढची पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी आहे ना ते विचारा. विचारताना संकोच नको.

थेरपीत काय करतात, हा तुमचा पुढचा प्रश्न. गोळ्या नाहीत, मशीन नाही. आमच्या थेरपिस्ट जमिनीवर बसायच्या. साबणाचे फुगे एकदा उडवायच्या, मग बाटलीचं झाकण घट्ट लावून ती मुलीच्या हातात द्यायच्या आणि गप्प बसायच्या. मुलगी बाटली उलटीपालटी करायची, झाकणाशी झटायची, मग त्यांच्याकडे बघायची. त्या नुसत्या हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत. शेवटी तिनं बाटली पुढे केली आणि ‘फू’ असा श्वास सोडला. तेवढ्यावर लगेच ‘फू! फुगा!’ म्हणत फुगे उडाले. स्पष्ट शब्दासाठी अडवणूक नाही, ‘आधी नीट म्हण’ नाही. मुलानं काहीतरी पाठवलं आणि त्याला उत्तर मिळालं, हे त्याला कळणं हाच त्या तासाचा हेतू. या वयात थेरपिस्ट खरं तर आपल्याला शिकवत असतात. म्हणूनच दर आठवड्याला जाणं जमलं नाही तरी महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि मधे व्हिडिओवर, असं त्यांच्याशी ठरवता येतं. बाकीचं घरात होतं.

घरात सगळ्यात अवघड काम आहे गप्प बसण्याचं. त्यानं हात धरून ओढलं की आपण पाणी देऊन मोकळे होतो. मागायची वेळच येत नाही. आता पाण्याचं भांडं हातात घ्या, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा, त्याच्याकडे बघा आणि मनात पाचपर्यंत मोजा. ‘बू’ म्हणाला तर लगेच ‘पाणी! पाणी हवं’ म्हणून द्या. काहीच म्हणाला नाही तरी तुम्ही ‘पाणी’ म्हणा आणि द्या. मूल रडवेलं होईपर्यंत ताणू नका. केळं आणि चिकू दोन्ही समोर धरून ‘केळं की चिकू?’ विचारा. बोट दाखवलं तरी ते उत्तरच. नाव तुम्ही जोडा. तो एक शब्द म्हणाला की तुम्ही त्याला एक जोडून परत द्या: ‘पप्पा’ म्हणाला तर ‘पप्पा गेले’, ‘नाय’ म्हणाला तर ‘भात नाय’. लांबलचक वाक्यं नकोत.

‘हे काय? म्हण बघू, मांजर म्हण’ ही परीक्षा बंद करा. विचारण्यापेक्षा सांगा. मागच्या दारी बांगडे साफ करायला बसलात की तो जवळ येतोच. तिथे बोला: ‘बांगडा. मोठा बांगडा. शेपटी कापली. डोकं कापलं. मांजर आली! मांजर, जा! गेली.’ उद्या तारली असेल, परवा कोलंबी, पण कापलं, धुतलं, आली, गेली हे शब्द तेच राहतात आणि रोज कानावर पडतात. नावांपेक्षा क्रियेच्या शब्दांवर माझा जास्त भर आहे. आईवडील प्राण्यांची आणि फळांची चित्रं घोकून घेतात. मूल पंचवीस नावं सांगतं आणि तरी वाक्य जुळत नाही, कारण दे, ये, उघड, पडलं, संपलं यांतलं काहीच त्याच्याकडे नसतं. अंगणात वाळत घातलेली आमसुलं गोळा करताना ‘घाल, अजून घाल, भरलं’. नळाखाली ‘उघड, बंद’. वेगळा अभ्यास लागत नाही. रोजची आरती किंवा बडबडगीत म्हणताना ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबा. टाळी वाजवून, मान हलवून, अर्ध्या आवाजात, जमेल तशी तो ती जागा भरायला लागेल.

नणंदबाईंचा सल्ला मात्र ऐकू नका. तुम्हाला ज्या भाषेत सहज रागावता येतं, लाड करता येतात, त्याच भाषेत बोला. आजी-आजोबा मालवणीत बोलतात आणि तुम्ही प्रमाण मराठीत, म्हणून मूल मागे पडत नाही. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. ‘कोंबो गेलो’, ‘आजो इलो’ ही दोन शब्दांची पुरी वाक्यं आहेत आणि त्याच्या प्रगतीत ती धरलीच पाहिजेत. थेरपिस्टला मालवणी येत नसेल तर मुलगा वापरतो ते मालवणी शब्द अर्थासह कागदावर लिहून द्या. नाहीतर निम्मे शब्द मोजलेच जात नाहीत. शाळेतलं इंग्रजी शाळेत येईल.

जेवताना मोबाइलवर गाणी लावता, असं लिहिलंत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं ते असं: दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तितकं चांगलं, वर्षाच्या मुलांना नकोच. मोबाइल मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही, ते काय म्हणालं ते त्याला कळत नाही, आणि जेवणाची वेळ तर घरातली सगळ्यात जास्त बोलण्याची वेळ. तेव्हा निदान जेवताना तरी मोबाइल दूर ठेवा. चार दिवस रडेल, मग बसेल. पप्पांचा व्हिडिओ कॉल यात धरू नका, तिथे पलीकडे उत्तर देणारा माणूस आहे. पण ‘पप्पांशी बोल ना’ असं मागे लागू नका. पप्पांना सांगा, टॉवेलमागे लपा आणि ‘पप्पा कुठे?’ म्हणा, मग ‘आले!’ म्हणत बाहेर या. पाच मिनिटं हा खेळ झाला तर तो मुलगा पुढच्या कॉलची वाट बघेल.

गणपतीत चाकरमानी आले की घर भरतं आणि प्रत्येक जण ‘नाव सांग रे’ म्हणून पोराला मधे उभं करतो. त्याआधीच घरात सांगून ठेवा, त्याला विचारू नका, त्याच्याशी खेळा. हे सासूबाईंनी सांगितलं तर सगळे ऐकतील. त्यांना विरोधात ढकलू नका. कोंबड्यांना दाणे टाकताना नातू त्यांच्याबरोबर असतोच. तेव्हा ‘ये ये’, ‘खा’, ‘गेली’ म्हणायचं काम त्यांच्याकडे द्या. नातवासाठी देवाला गाऱ्हाणं घालणार असतील तर जरूर घालू द्या, आणि त्याच आठवड्यात तपासणीची तारीखही घ्या. वेखंड उगाळून जिभेला लावल्यानं बोलणं येत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर देऊच नये. ‘जीभ जड आहे, खालचा दोरा कापा’ असं कुणी म्हणालं तर थेरपिस्टला दाखवल्याशिवाय तयार होऊ नका. त्या दोऱ्यामुळे एखाद्या अक्षराचा उच्चार अडेल, शब्दच येत नाहीत याचं कारण तो सहसा नसतो.

तुमचा मुलगा खुणा करतो, समजतो, माणसांकडे बघतो, ही चांगली लक्षणं आहेत. याउलट येणारे शब्द गेले, नाव घेतल्यावर वळत नाही, दाखवण्यासाठी बोट करत नाही, नजर देत नाही, असं कोणत्याही वयात दिसलं तर थेट मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांकडे जा. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही लिहिते आहे. स्वमग्नता (ऑटिझम) आहे का, हे बघून घेण्यात कमीपणा नाही, आणि तसं निघालं तरी लवकर सुरू केलेल्या मदतीचा उपयोग होतो.

जाताना दोन गोष्टी न्या. एक, तो बोलतो ते सगळे शब्द, अर्धेमुर्धे आणि मालवणीही, तो कसे म्हणतो तसेच लिहून. दुसरी, घरात खेळताना नकळत काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ, कारण परक्या खोलीत मुलं तोंड मिटून बसतात. बेराची तारीख मिळाली की इथे कळवा.