फायब्रॉइड आहे आणि एकच पाय सुजलाय, तर आधी पाय दाखवा

ताई, तुम्ही लिहिलंय की फायब्रॉइडमुळे (गर्भाशयातली साधी गाठ) गर्भाशय पाच महिन्यांच्या पोटाएवढं झालंय, ब्लीडिंग थांबायला गोळ्या चालू आहेत आणि आता डावा पाय सुजून जड झालाय, तर कॅन्सर नसलेल्या गाठीमुळे रक्ताची गुठळी होऊ शकते का. होऊ शकते. त्यामुळे पाय आजच दाखवा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं किंवा चक्कर येऊन पडलात तर थेट इमर्जन्सी, कारण गुठळी फुफ्फुसात गेली असू शकते.

आता घाबरू पण नका, फायब्रॉइड असणाऱ्या बहुतेक बायकांना हे कधीच होत नाही. छोटी गाठ काही दाबत नाही. पण गर्भाशय एवढं वाढलं की त्याचा भार ओटीपोटात मागे असणाऱ्या शिरांवर पडतो, पायातलं रक्त वर जायला अडतं, आणि साचलेलं रक्त गोठायला बघतं. त्यात डाव्या पायाची मोठी शीर आधीच एका धमनीखालून दबून जाते, म्हणून डावा पाय जास्त सापडतो. ओव्हरीच्या मोठ्या सिस्टनेही असं होऊ शकतं.

पण माझ्या मते नुसत्या गाठीला दोष देऊन भागत नाही, तिच्यासोबत काय काय चालू आहे ते बघा. तुमच्या गोळ्या कुठल्या? इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या असतील तर त्या न घेणाऱ्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला १ ते ५ जणींना गुठळी होते, घेणाऱ्यांमध्ये ३ ते ९. नॉरएथिस्टेरॉन (ब्लीडिंग थांबवायला देतात ती प्रोजेस्टेरॉनसारखी हॉर्मोनची गोळी) असेल तर "त्यात इस्ट्रोजेन नाही, काही होत नाही" असं सर्रास सांगतात, पण जास्त डोसमध्ये त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्येच बदलतो. ट्रानेक्झॅमिक अॅसिड (रक्ताची गाठ विरघळू न देऊन ब्लीडिंग कमी करणारी गोळी) चालू असेल तर तेही पायाबद्दल बोलतानाच सांगायचं. शिवाय ब्लीडिंगने लोह कमी होतं, त्यात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) वाढू शकतात, आणि अशक्तपणामुळे दिवसभर पडून राहणं होतं ते वेगळंच. वजन, वय, घरात कुणाला गुठळी झालेली, हे सगळं बेरजेत येतं.

माझ्या जावेचं सांगते. पायाचा डॉपलर (शिरांमधला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) नॉर्मल आला म्हणून घरी पाठवलं, पण मांडीपासून अख्खा पाय सुजलेला. दुसऱ्या डॉक्टरांनी टेप काढली, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्या मोजल्या (३ सेंमीपेक्षा जास्त फरक असला की संशय वाढतो) आणि सीटी करून ओटीपोटातल्या शिरा बघितल्या. गुठळी तिथे वर होती. साध्या पायाच्या डॉपलरमध्ये तो भाग नीट दिसत नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला आणि सूज तशीच असली तर "वरच्या शिरा बघितल्यात का" हे विचाराच.

गुठळी निघालीच तर खरी कसरत पुढे आहे, रक्त पातळ करायच्या औषधाने पाळीचं ब्लीडिंग अजून वाढतं. मग वैतागून बायका ते औषध परस्पर बंद करतात, आणि हे सगळ्यात धोक्याचं. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि गुठळीचे डॉक्टर दोघांना एकमेकांशी बोलायला लावा, औषध बदलता येतं, कॉपर-टीसारखं गर्भाशयात बसवायचं, पण तांब्याऐवजी हॉर्मोन सोडणारं साधन असतं त्याचा विचार होतो, आणि ऑपरेशन घाईचं नसेल तर सहसा ३ महिने पुढे ढकलतात.

आत्ताच्या गोळ्याही आपल्या मनाने थांबवू नका, एकदम बंद केल्या की जोरात ब्लीडिंग होऊ शकतं, डॉक्टरांनाच आज विचारा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, कधीपासून घेताय ते लिहून ठेवा. आणि तपासणी होईपर्यंत कुणालाही तो पाय चोळू देऊ नका.