बागकामात हे कशाला?

प्रश्न : ताई, मी अमेरिकेत राहते. घराजवळच्या पार्कसाठी आमचा शेजाऱ्यांचा ग्रुप आहे, झाडं लावतो, कचरा उचलतो. आता ग्रुप लेखी जाहीर करतोय की पार्कमध्ये वंशभेद चालणार नाही, सगळ्यांना सामावून घेणार. काहीजण म्हणतात बागकामात हे कशाला? आणि मी ना गोरी ना काळी, मी बोलावं का?

उत्तर : बोला, जरूर बोला. बागेचा आणि याचा संबंध नाही असं म्हणणाऱ्यांना न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कबद्दल सांगा. तिथे 1825 पासून सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती, बहुतेक काळी माणसं, स्वतःच्या जमिनी, चर्च, शाळा, सगळं होतं, आणि पार्क करायचा म्हणून 1857 पर्यंत ती पूर्ण उठवली. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात तर पार्क सगळ्यांना खुले करा म्हणून काळे नागरिक कोर्टात गेले, तेव्हा 1959 मध्ये शहराने पार्कच बंद करून टाकले! म्हणजे आम्हाला नसले तरी चालतील, पण तुम्हाला मिळायला नकोत. फार जुनं वाटतंय? मे 2020 मध्ये त्याच सेंट्रल पार्कात पक्षी बघायला आलेल्या ख्रिश्चन कूपरने एका गोऱ्या बाईला कुत्रा बांधा म्हटलं, तर तिने पोलिसांना फोन करून काळा माणूस मला धमकावतोय असं सांगितलं.

म्हणून मला वाटतं तुमच्या ग्रुपने सगळ्यात आधी हेच ठरवावं, की पोलिसांना फोन नेमका कधी करायचा आणि कधी नाही. अनोळखी माणूस बाकावर बसलाय, पोरं मोठ्याने गाणी लावतायत, यासाठी नाही.

आणि नुसत्या ठरावावर थांबू नका हो, हे आपल्या लोकांना कुणी सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात 1923 ला झाला, महाडच्या नगरपालिकेनेही 1924 ला चवदार तळं खुलं केलं, पण कागदावरच, प्रत्यक्ष ओंजळभर पाणी प्यायला 1927 साली बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं. भेदभाव काय असतो हे आपल्यालाही ठाऊक आहे, त्यामुळे मी कोण बोलणारी असं मनात आणू नका.

मीटिंग कामाच्या दिवशी दुपारी ठेवता का तेही बघा, कारण मग रोजंदारीवाले येणारच नाहीत. पार्कच्या पलीकडे राहणारे तुमच्या ग्रुपमध्ये किती आहेत? कोणीच नसेल तर मजकूर फायनल करायच्या आधी त्यांच्याकडे जाऊन या, आणि ते काय म्हणाले ते मला नक्की कळवा.