दोघेही संस्थापक इंजिनिअर असतील, तर डिझाइन जाणणारा तिसरा सहसंस्थापक घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही दोघे मित्र, दोघेही इंजिनिअर, सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती निम्मी लिहून झाली आहे, आणि एका गुंतवणूकदाराने ‘तुमच्यात प्रॉडक्ट आणि डिझाइन कोण बघतो?’ असे विचारल्यापासून तुम्ही पेचात पडला आहात. डिझायनरला सहसंस्थापक करून समभाग द्यावेत, पगारावर नेमावे, की एखाद्या एजन्सीकडून स्क्रीनची मांडणी करून घेऊन पुढे जावे? मी चार जणांच्या एका कंपनीत डिझाइनची बाजू सांभाळणारा संस्थापक होतो, आणि त्याआधी काही वर्षे इतरांच्या स्टार्टअपसाठी बाहेरून डिझाइन करून देत होतो. त्यामुळे हा प्रश्न मी उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. माझ्या उत्तराला माझ्या पेशाचा थोडा रंग असणार, हे गृहीत धरूनच वाचा.

गुंतवणूकदाराने प्रॉडक्ट आणि डिझाइन हे शब्द जोडीने वापरले असले, तरी ती दोन वेगळी कामे आहेत. कोणाची कोणती अडचण सोडवायची, आधी काय करायचे आणि काय कधीच करायचे नाही, हे ठरवणे प्रॉडक्टचे काम. ठरलेली गोष्ट वापरणाऱ्याच्या हातात कशी पडेल, त्याला पहिल्यांदा काय दिसेल, चूक झाली तर तो मागे कसा येईल, हे ठरवणे डिझाइनचे. मोठ्या कंपनीत ही कामे दोन खात्यांत विभागलेली असतात. चार माणसांच्या कंपनीत ती बहुधा एकाच डोक्यात नांदतात, कारण सकाळी घेतलेला प्रॉडक्टचा निर्णय दुपारी स्क्रीनवर चुकीचा ठरतो आणि संध्याकाळपर्यंत बदलावा लागतो. रंग, अक्षरे, चिन्हे, लोगो हा या सगळ्यावरचा शेवटचा थर असून तो बाजारात विकत मिळतो. त्याखालचे थर विकत मिळतात की नाही, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि माझ्या अनुभवात ते मिळत नाहीत.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. आमचे सॉफ्टवेअर लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपन्यांसाठी होते. तंत्रज्ञाने इमारतीत पोहोचल्याची, काम सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ मोबाइलवर नोंदवायची, बदललेल्या सुट्या भागाचा क्रमांक लिहायचा, आणि त्या नोंदींवरून दुसऱ्या दिवशी कोणी कुठे जायचे याचे वेळापत्रक आमच्या प्रणालीने आपोआप लावायचे, अशी योजना होती. माझ्या इंजिनिअर सहकाऱ्यांनी वेळापत्रकाच्या भागावर जवळजवळ चार महिने घालवले होते आणि ते काम खरोखरच देखणे होते. तरीही वेळापत्रक चुकत असे. कोणत्या दुरुस्तीला किती वेळ लागेल याचा प्रणालीचा अंदाज कधी फार कमी, कधी फार जास्त निघे, आणि ते दोघे रात्र रात्र गणितातली चूक शोधत बसत.

मी एका अनुभवी तंत्रज्ञांबरोबर दिवसभर फिरलो. मशीन रूममध्ये ते गुडघ्यांवर बसून ब्रेक तपासत होते. दोन्ही हात ग्रीसने माखलेले, मोबाइल शर्टाच्या खिशात. काम झाल्यावर त्यांनी खिशातून मोबाइल काढलाच नाही. त्यांनी पेन काढले आणि डाव्या मनगटाच्या वर, जिथे ग्रीस पोहोचले नव्हते तिथे, सुट्या भागाच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहिले. ‘आमचा फॉर्म मग कधी भरता?’ असे मी विचारले. ते म्हणाले, ‘तो रात्री, जेवण झाल्यावर. इथे रेंज नसते, आणि असल्या हातांनी तुमचे ते चौदा रकाने कोण भरणार?’ रकाने चौदा आहेत हे तोपर्यंत मीही मोजले नव्हते. रात्री आठवून भरलेल्या वेळा साहजिकच सगळ्या अर्ध्या तासाच्या पटीत होत्या: साडेदहा, अकरा, साडेअकरा. गणित बरोबर होते. त्याला पुरवलेली माहिती जेवणानंतर रचलेली होती.

पुढच्या दोन आठवड्यांत आम्ही चौदातले अकरा रकाने काढून टाकले. बोट दुमडून सांध्याने दाबले तरी चालेल असे एक मोठे बटण ठेवले, क्रमांक लिहिण्याऐवजी सुट्या भागाचा फोटो काढण्याची सोय केली, आणि रेंज नसेल तेव्हा नोंद मोबाइलमध्येच राहून नंतर आपोआप पोहोचेल अशी व्यवस्था केली. यातले शेवटचे काम इंजिनिअरांसाठी सर्वांत अवघड होते आणि त्यांनी ते कुरकुर न करता केले. कुरकुर झाली ती रकान्यांवरून. काढलेल्यांपैकी बरेच रकाने आमच्या ग्राहक कंपन्यांच्या कार्यालयांना ‘असलेले बरे’ म्हणून हवे होते. फॉर्म कोणासाठी आहे, पैसे मोजणाऱ्या कार्यालयासाठी की तो भरणाऱ्या माणसासाठी, या प्रश्नावर आम्ही चार दिवस भांडलो, आणि शेवटी एक ग्राहक जाण्याची शक्यता पत्करली. तो ग्राहक खरोखरच गेला.

हेच काम बाहेरच्या डिझायनरकडून झाले असते का? तो बाहेरचा डिझायनर मी स्वतः अनेकदा झालो आहे, म्हणून खात्रीने सांगतो की झाले नसते. मला ‘हा फॉर्म जरा नीटनेटका करून द्या’ असे सांगण्यात आले असते, मी त्याची दोन सुबक पाने करून वर किती भाग भरला हे दाखवणारी पट्टी लावली असती आणि वेळेवर बिल पाठवले असते. रकाने काढा म्हणण्याचा अधिकार मला नव्हता, ग्राहक गमावण्याचा निर्णय माझ्या हातात नव्हता, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा मशीन रूममध्ये जाऊन पाहण्याचे पैसे मला कोणी देणार नव्हते. पगारावर नेमलेल्या पहिल्या डिझायनरची स्थिती थोडी बरी असते, पण संस्थापकांनी चार महिने जीव ओतून केलेली गोष्ट आधी बाजूला ठेवा, असे सांगायला नोकरीतल्या माणसाची जीभ सहसा रेटत नाही.

यावर कोणी स्लॅक या कार्यालयीन संवादाच्या ॲपचे उदाहरण देईल, आणि ते रास्त आहे. स्लॅकचे सुरुवातीचे बाह्यरूप मेटालॅब या कॅनडातील डिझाइन संस्थेने २०१३ मध्ये करून दिले होते. मात्र त्याआधी काय घडले होते तेही पाहावे. स्ट्युअर्ट बटरफिल्ड आणि त्यांचे सहकारी ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन खेळ तयार करत होते. तो २०१२ च्या शेवटी बंद पडला, आणि तो करताना आपसांतल्या संवादासाठी त्यांनी बांधलेले साधन हेच पुढे स्लॅक झाले. म्हणजे कोणता संदेश कोणाला दिसावा, जुने कसे शोधावे, फाइल कुठे राहावी, या प्रश्नांची उत्तरे ते स्वतः ते साधन रोज वापरून शोधत आले होते. मेटालॅबकडे गेलेल्या मंडळींना आपल्याला काय हवे आहे हे पक्के ठाऊक होते. तुमच्याकडे तशी स्पष्टता असेल, तर एजन्सीकडे जरूर जा.

दुसरे हमखास दिले जाणारे उदाहरण प्रवाशांना लोकांची घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचे. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया हे दोघेही ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचे विद्यार्थी, त्यामुळे डिझायनरांनी उभारलेली कंपनी म्हणून तिचा दाखला दिला जातो. या दाखल्यातून नेथन ब्लेचार्झिक हे तिसरे संस्थापक नेहमी गळतात, जे इंजिनिअर होते आणि ज्यांच्याशिवाय ती वेबसाइट उभीच राहिली नसती. मला त्या कथेतला २००९ सालचा भाग अधिक बोलका वाटतो. त्या वेळी कंपनीची आठवड्याची कमाई सुमारे २०० डॉलरवर अडकली होती. न्यूयॉर्कमधल्या घरांचे फोटो अंधूक आणि ओबडधोबड आहेत हे ध्यानात आल्यावर हे लोक कॅमेरा भाड्याने घेऊन दारोदार गेले आणि स्वतः फोटो काढून आले. गेबिया यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे आठवड्याभरात कमाई दुप्पट झाली. या प्रसंगात स्क्रीनची मांडणी कुठेच नाही. अनोळखी माणसाच्या घरी झोपायला जाणाऱ्याच्या मनात शंका नेमकी कुठे येते, हे ओळखणे आणि त्यावरचा उपाय कोडमध्ये बसत नसला तरी तो करायला घराबाहेर पडणे, याला मी डिझाइनचे कौशल्य म्हणतो.

आता आमच्या पेशाच्या दोषाविषयी. डिझायनरला वस्तूच्या प्रेमात पडण्याची खोड असते, आणि संस्थापकांत डिझाइनचा आग्रह फार असूनही प्रॉडक्टचा मूळ प्रश्न कोणीच विचारला नाही, तर पैसा पाण्यासारखा जातो. जुसेरो या अमेरिकी कंपनीने रसाचे यंत्र काढले. नामवंत डिझायनरने घडवलेले ते यंत्र सुरुवातीला ६९९ डॉलरना विकले जात होते, आणि कंपनीने सुमारे १२ कोटी डॉलरचे भांडवल उभे केले होते. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी दाखवून दिले की यंत्रात घालायची रसाची पाकिटे नुसत्या हातांनी पिळली तरी जवळपास तेवढाच रस निघतो. सप्टेंबरमध्ये कंपनी बंद झाली. यंत्र अप्रतिम होते, हे मी आजही म्हणेन.

उलट काही ठिकाणी वेगळा डिझायनर शोधण्याची गरज नसते. तुमचे वापरकर्ते तुमच्यासारखेच इंजिनिअर असतील, तर त्यांची अडचण तुम्ही रोज जगता. पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन या भावांनी २०११ मध्ये स्ट्राइप ही ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा सर्वांसाठी खुली केली, तेव्हा पैसे स्वीकारण्याची सोय थोडक्या ओळींच्या कोडमध्ये जोडता येणे आणि त्याची माहितीपुस्तिका वाचताक्षणी कळणे, हेच त्या प्रॉडक्टचे डिझाइन होते. इन्स्टाग्रामचे केव्हिन सिस्ट्रोम आणि माइक क्रीगर आधी बर्बन नावाच्या ॲपवर काम करत होते, ज्यात आपण कुठे आहोत ते कळवणे, भेटीचे बेत आखणे, फोटो टाकणे असे बरेच काही होते. लोक त्यातले फोटोच वापरतात हे दिसल्यावर त्यांनी फोटो, प्रतिसाद आणि पसंती एवढे ठेवून बाकीचे काढून टाकले, आणि ६ ऑक्टोबर २०१० रोजी नवे ॲप बाजारात आणले. दोघेही कोड लिहिणारे होते. मात्र क्रीगर यांनी स्टॅनफर्डमध्ये माणूस आणि संगणक यांच्या परस्परव्यवहाराचा अभ्यास केला होता, हे त्यांच्याविषयी बोलताना सहसा सांगितले जात नाही.

तेव्हा तिसरा माणूस शोधण्याआधी तुमच्या दोघांपैकी कोणात ही दृष्टी आहे का, ते तपासा. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब असा की, एकाच प्रकारच्या पाच वापरकर्त्यांना काम करताना पाहिले, तर वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. आकड्यावर वाद आहेत, पण पाच जण गाठणे प्रत्येकाला जमते. त्यांच्या शेजारी बसा, काम सांगा आणि गप्प राहा; ‘अहो, ते वरचे बटण दाबा’ हे शब्द ओठांवर आले तरी गिळून टाका. दोघांनी वेगवेगळे बसा आणि नंतर टिपणे पडताळा. एकाच्या टिपणात ‘लॉगिनला वेळ लागला, सर्व्हर तपासणे’ एवढेच असेल आणि दुसऱ्याच्या टिपणात ‘त्यांनी रक्कम दोनदा वाचली, मग कागदावर उतरवून घेतली, बहुधा आपल्यावर भरवसा नाही’ असे असेल, तर दुसऱ्याकडे हे काम सोपवा, त्याचा कोड लिहिण्याचा वेळ निम्मा करा, आणि सुबकपणासाठी एखादा चांगला डिझायनर कंत्राटावर घ्या. दोघांची टिपणे त्या पहिल्या टिपणासारखी निघाली, तर तिसऱ्या संस्थापकाचा शोध सुरू करणेच बरे.

शोधताना केवळ पोर्टफोलिओवर, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या संग्रहावर, जाऊ नका. त्यात झालेल्या गोष्टी असतात, टाळलेल्या नसतात. मी उमेदवाराला एकच गोष्ट विचारतो: तुम्ही स्वतः तयार केलेले आणि नंतर स्वतःच काढून टाकलेले काहीतरी दाखवा, आणि का काढले ते सांगा. शिवाय सहा-आठ आठवडे मोबदला देऊन खऱ्या कामावर एकत्र काम करा. या काळात तो वापरणाऱ्यांना भेटायला किती वेळा बाहेर पडला, आणि तुमच्या मर्यादा समजून घ्यायला कोडपर्यंत किती वेळा आला, हे दोन्ही मोजा. नुसतीच चित्रे पाठवणारा माणूस सहसंस्थापक म्हणून टिकत नाही.

समभागांबाबत मी स्पष्ट आहे. तो खरोखर संस्थापकाची जोखीम घेणार असेल, तर वाटा तुमच्या दोघांच्या वाट्याशी तुलना करण्याजोगा असावा. अगदी छोटा वाटा आणि संस्थापक हे पद, ही तडजोड मी दोनदा जवळून पाहिली आणि दोन्ही वेळा तो माणूस वर्षाच्या आत गेला. वाटा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळावा आणि पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी सोडल्यास काहीच मिळू नये, ही प्रचलित पद्धत त्याला लावा आणि स्वतःलाही लावा.

करारात आणखी एक गोष्ट लिहा, जी आमच्या करारात सुरुवातीला नव्हती आणि जिच्यावाचून आम्ही आठ महिने एकमेकांशी हुज्जत घालत राहिलो. वापरणाऱ्याला काय दिसेल आणि काय दिसणार नाही यावर अखेरचा शब्द कोणाचा, ते नाव घालून लिहा. त्याच ओळीत हेही लिहा की एखाद्या गोष्टीला किती दिवस लागतील हे फक्त ती बांधणारा इंजिनिअर सांगेल, आणि त्या आकड्याशी डिझायनरने घासाघीस करायची नाही. आमच्याकडे ही दुसरी अट माझ्यासाठी लिहावी लागली होती.