पहिल्यांदाच कथा मासिकाला पाठवायचीये, सुरुवात कशी करू?

आधी त्या मासिकाचे दोन-तीन अंक वाचून काढा, खरंच, बरेच जण हेच टाळतात आणि मग चांगली कथासुद्धा भलत्याच ठिकाणी जाते. मग त्यांचे नियम नीट बघा, शब्दमर्यादा किती, फाइल वर्ड हवी की पीडीएफ, कथेवर नाव चालतं का (काही ठिकाणी लेखकाचं नाव न बघता वाचतात, तिथे फाइलच्या नावातही तुमचं नाव नको).

सोबतचा मेल छोटा. "नमस्कार, माझी २४०० शब्दांची अप्रकाशित कथा सोबत जोडली आहे" आणि खाली दोन ओळी ओळख, बस. कथेचा अर्थ समजावत बसू नका, आधी काही छापून आलं नसेल तरी बिनधास्त पाठवा.

फेसबुकवर किंवा ब्लॉगवर टाकलेली कथा बरेच संपादक प्रकाशित झालेलीच धरतात, त्यामुळे पाठवायची ती तिथे टाकू नका. एकच कथा एकदम चार ठिकाणी पाठवणं काहींना चालतं काहींना अजिबात नाही, चालत असेल तर एकीकडे घेतली की बाकीच्यांना लगेच कळवायचं. म्हणून एक शीट ठेवा, कथा, मासिक, तारीख, उत्तर.

उत्तराला महिनोन्‌महिने लागतात, तोवर पुढची लिहायला घ्या. नकार येणारच, नावाजलेल्यांनाही येतात. पण "ही जमली नाही, दुसरी पाठवा" असं संपादकाने स्वतःहून लिहिलं असेल तर ते मनापासून असतं, नक्की पाठवा. आणि कथा घेतली तर हक्कांचं विचारा, एकदा छापायची परवानगी वेगळी आणि कॉपीराइटच देऊन टाकणं वेगळं.