जमा कोणाची, नावे कोणाच्या?

प्रश्न : रामबागेतील आमच्या वाचनमंडळात दर गुरुवारी आठ-दहा जणी जमतो. गेल्या महिन्यात युद्धावर वाद झाला. काहींचे म्हणणे असे की युद्धे व्यापारीच लावतात आणि सरकारे त्यांच्या तालावर नाचतात. इतरांना हे पटेना, कारण देशाची सुरक्षितता, मानापमान, दिलेला शब्द यांना काहीच किंमत नाही का, असा त्यांचा सवाल होता. शिवाय विरोधात असताना ज्या युद्धाला अन्याय्य म्हणायचे, तेच सत्तेवर आल्यावर पुढे चालवायचे, हे राजकारण्यांना कसे जमते? वादाच्या ओघात माझ्या सासरच्या, सराफ्यातील जुन्या पेढीच्या मोडी वहीचा विषय निघाला. तिच्यात अफूच्या पेट्यांचा हिशेब आहे. एका पानाचे छायाचित्र पाठवत आहे. त्यावर सन नाही. तो ठरवता येईल का? — एक वाचिका, इंदूर

उत्तर : सनाचे शेवटी पाहू. आधी पानाकडे वळतो, कारण आपल्या मंडळातील वादाचा बराचसा उलगडा त्यातच होतो. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे, मध्ये पेट्यांची संख्या, मुंबईपर्यंतचे गाडीभाडे, मुंबईच्या हुंडीची रक्कम आणि सर्वांत खाली, थोड्या वेगळ्या वळणाच्या अक्षरात, ‘सरकारी परवाना, दर पेटीस २००’ अशी ओळ आहे. हे सरकार होळकरांचे नव्हे, ईस्ट इंडिया कंपनीचे. बंगाल-बिहारमधील अफूवर कंपनीचा मक्ता होता. माळव्यातील अफू मात्र होळकर, शिंदे आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात पिकत असल्यामुळे तिच्यावर मक्ता बसवता येईना. १८१८ मध्ये होळकरांशी झालेल्या मंदसौरच्या तहानंतर कंपनीने कधी दरबारांशी करार करून, कधी स्वतः माल खरेदी करून प्रयत्न केले. ते फसले, कारण माल पाली-जैसलमेरच्या वाटेने कराचीला आणि तेथून पोर्तुगिजांच्या दमणला जाऊ लागला. शेवटी १८३०-३१ च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि परवान्याची फी भरून माल उघडपणे मुंबईला नेण्याची मुभा दिली. म्हणजे मुंबईहून चीनकडे जाणाऱ्या प्रत्येक माळवी पेटीवर सरकारची कमाई होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हिंदुस्थानच्या एकूण महसुलात अफूचा वाटा सुमारे एक सप्तमांश होता.

चीनमध्ये या मालाला कायद्याने बंदी होती. मार्च १८३९ मध्ये बादशहाचा खास अधिकारी लिन झेशू कँटन या बंदरी आला, त्याने परदेशी व्यापाऱ्यांना त्यांच्या वखारींत कोंडले आणि सगळी अफू हवाली करण्यास सांगितले. येथपर्यंत हे प्रकरण चोरटा व्यापार करणारे आणि त्यांना पकडणारा अंमलदार यांच्यातले होते, आणि पकडला गेलेला माल बुडाला तर तो व्यापाऱ्याच्याच नावे पडावा, हे आपल्या पेढीवरच्या मुनिमानेही सांगितले असते. परंतु ब्रिटिश सरकारचा तेथील प्रतिनिधी चार्ल्स इलियट याने व्यापाऱ्यांना कळवले की माल माझ्या स्वाधीन करा, नुकसानीची जबाबदारी ब्रिटिश सरकारची. व्यापाऱ्यांनी आनंदाने २०,००० हून अधिक पेट्या लिहून दिल्या. माल जूनमध्ये हुमेनच्या किनाऱ्यावर खड्ड्यांत चुना आणि मीठ घालून नष्ट झाला. व्यापाऱ्यांच्या हाती इलियटच्या पावत्या राहिल्या, आणि त्या पावत्यांचीही पुढे कमी भावाने खरेदी-विक्री होऊ लागली. सुमारे २० लाख पौंडांचे खासगी नुकसान एका पत्राने सरकारच्या नावे मांडले गेले.

माझ्या मते आपल्या प्रश्नातील कळीची जागा हीच आहे. व्यापारी युद्धाचा हुकूम देत नाही, तो अधिकारच त्याच्याकडे नसतो. तो आपली बुडीत रक्कम सरकारच्या खात्यावर चढवतो, आणि मग ती वसूल करणे हा सरकारला आपल्या अब्रूचा प्रश्न वाटू लागतो. मंडळातील दोन्ही बाजू अशा प्रकारे एकाच पानावर येतात. ब्रिटनचे पंतप्रधान मेलबर्न यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑक्टोबर १८३९ रोजी विंडसर येथे चीनकडे आरमार पाठवण्याचे ठरवले, तेव्हा तिजोरीत व्यापाऱ्यांना देण्याजोगे पैसे नव्हते आणि नवा कर लावण्याइतके बळ त्या सरकारात नव्हते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एका ठरावावर अवघे पाच मतांचे आधिक्य मिळाल्यामुळे त्याने राजीनामा दिला होता, आणि राणीने आपल्या दासी बदलण्यास नकार दिल्याने विरोधकांचे सरकार बनू न शकल्यामुळे ते पुन्हा सत्तेवर आले होते. अशा सरकारला ‘पैसे चीन देईल’ हा उपाय फार सोयीचा होता. दुसऱ्या बाजूने मँचेस्टरच्या कापड गिरणीवाल्यांचे अर्ज परराष्ट्रमंत्री पामर्स्टनकडे आलेच होते. आणि अफूच्या व्यापारातील बडे प्रस्थ विल्यम जार्डिन लंडनला येऊन पामर्स्टनला भेटला, आरमार कोठे न्यावे, काय मागावे याची सविस्तर माहिती देऊन गेला. युद्ध संपल्यावर पामर्स्टनने या मदतीचे ऋण लेखी मान्य केले. शिवाय चहाच्या जकातीतून ब्रिटिश सरकारला महसुलाचा सुमारे दहावा हिस्सा मिळत होता, आणि तो चहा चीनमधूनच येत होता. संसदेतील भाषणांत मात्र ध्वजाचा अपमान आणि ब्रिटिश प्रजेची सुरक्षितता हेच शब्द होते. ते खोटे होते असे म्हणवत नाही. कोंडलेली माणसे खरीच कोंडलेली होती.

विरोधी पक्षाचे वर्तन यापेक्षा अधिक बोधक आहे. एप्रिल १८४० मध्ये सर जेम्स ग्रॅहम यांनी आणलेला ठराव आपण मूळ शब्दांत वाचलात तर चकित व्हाल. अफूचा व्यापार वाईट आहे असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. सरकारने दूरदृष्टी दाखवली नाही, आपल्या प्रतिनिधीला पुरेसे अधिकार व सूचना दिल्या नाहीत, एवढाच आक्षेप होता. ठराव अशा बेताने लिहिला होता की उद्या सत्ता हाती आली तर युद्ध थांबवावे लागू नये. त्या चर्चेत विरोधी पक्षाच्या तरुण ग्लॅडस्टनने या युद्धाइतके अन्यायमूलक युद्ध आपल्याला माहीत नाही, असे ठणकावून सांगितले. ठराव २६२ विरुद्ध २७१ मतांनी पडला. पुढच्याच वर्षी त्याच पक्षाचे पील पंतप्रधान झाले, ग्लॅडस्टन त्यांच्या सरकारात गेला, आणि त्या सरकारने युद्ध चालवून ऑगस्ट १८४२ मध्ये नानकिंगचा तह केला. हाँगकाँग मिळाले, पाच बंदरे उघडली आणि चीनवर २ कोटी १० लाख डॉलरचा बोजा बसला. त्यातील ६० लाख नष्ट केलेल्या अफूचे, ३० लाख चिनी व्यापाऱ्यांकडील थकबाकीचे आणि १ कोटी २० लाख युद्धखर्चाचे होते. ज्याला मारले त्याच्याकडूनच काठीचे पैसे घेतले, असा हा हिशेब. गंमत अशी की व्यापाऱ्यांच्या हाती मागणीपेक्षा बरेच कमी पडले आणि त्यांची कुरकुर पुढे कितीतरी दिवस चालू राहिली.

सगळा दोष मंत्र्यांच्या आणि सावकारांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही, हेही आपल्या मंडळात सांगावे. १८५६ मध्ये ‘अ‍ॅरो’ नावाच्या गलबतावरून चीनशी पुन्हा युद्ध जुंपले, तेव्हा खासदार कॉबडेनचा निषेधाचा ठराव मार्च १८५७ मध्ये २६३ विरुद्ध २४७ मतांनी संमत झाला. आता पंतप्रधान असलेल्या पामर्स्टनने संसद विसर्जित केली, मतदारांकडे गेला आणि जिंकून आला. कॉबडेन आणि ब्राइट हे दोघेही युद्धविरोधक पडले. युद्धाला विरोध करून जागा गमावावी लागते, हा धडा त्या सभागृहाने चांगलाच लक्षात ठेवला असावा. १८६० मध्ये त्या युद्धाच्या खर्चाची तरतूद करणारा अर्थमंत्री कोण होता? तोच ग्लॅडस्टन.

प्रश्न : मी फौजेतून निवृत्त होऊन महूला स्थायिक झालो आहे. शस्त्रांचे कारखानदार आणि बँकवाले यांनाच नेहमी युद्ध हवे असते, हे सरसकट विधान मला खटकते. आपले मत काय? — एक वाचक, महू

उत्तर : खटकते ते योग्यच आहे. जुलै १९१४ च्या अखेरीस लंडनच्या सावकारी पेढ्यांना युद्धाची धास्ती बसली होती. ३१ जुलैला तेथील शेअर बाजार बंद झाला तो जानेवारी १९१५ मध्ये उघडला, आणि १ ऑगस्टला बँक ऑफ इंग्लंडने व्याजाचा दर १० टक्क्यांवर नेला. पैसेवाल्यांची एकमुखी इच्छा तटस्थतेची असताना सरकार युद्धात उतरले, ते बेल्जियमवरचे जर्मन आक्रमण, जर्मन आरमाराची भीती आणि फ्रान्सला तोंडी दिलेली आश्वासने यांमुळे; त्यातच विरोधी पक्षाने २ ऑगस्टला पाठिंब्याचे पत्र धाडल्यामुळे, आपण मागे हटलो तर सत्ता त्यांच्याकडे जाईल, हेही मंत्र्यांना दिसत होते.

पैशाची भूमिका नंतर सुरू झाली. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ऑगस्ट १९१४ मध्ये लढणाऱ्या देशांना कर्ज देणे खऱ्या तटस्थतेशी विसंगत ठरवले होते. जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्कची मॉर्गन ही बँकपेढी ब्रिटनची खरेदीदार आडत्या झाली, अमेरिकेची शेते आणि कारखाने त्या मागणीवर चालू लागले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटन-फ्रान्सला ५० कोटी डॉलरचे कर्ज उभे राहिले. तटस्थतेचा अर्थ वर्षभरात पातळ झाला, आणि तो कोणी लाच घेतल्यामुळे नव्हे, तर गिऱ्हाईक बुडाले तर शेतकऱ्यापासून सावकारापर्यंत सगळेच बुडणार, अशी स्थिती आल्यामुळे. १९३४ ते १९३६ या काळात सिनेटर नाय यांच्या समितीने या व्यवहाराची कसून चौकशी केली. भरमसाट नफे उघड झाले. बँकवाल्यांनी देशाला युद्धात ढकलले हे मात्र समितीला सिद्ध करता आले नाही.

आता पहिल्या वाचिकेच्या पानाचा सन. १८३५ पासून परवान्याची फी पेटीमागे १२५ रुपये होती. ती वाढवली तर माल पुन्हा कराचीच्या वाटेने दमणला जाईल, या भीतीने कंपनीला हात आखडता ठेवावा लागे. फेब्रुवारी १८४३ मध्ये इंग्रज सेनापती नेपियरने मियाणीची लढाई जिंकली, सिंध खालसा झाला आणि कराचीचा कारभारही कंपनीच्या हाती आला. सिंध केवळ अफूसाठी घेतला असे मी म्हणणार नाही. पण वाट बंद झाल्याबरोबर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये फी २०० झाली, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४००. आपल्या पानावर दर पेटीस २०० आहेत, तेव्हा हा हिशेब १८४३ च्या अखेरीपासून १८४५ पर्यंतचा असावा. पुढील पाने फाटली नसतील तर तिनशेचा आकडा कोठे सुरू होतो ते पाहावे. वही प्लास्टिकमध्ये न गुंडाळता धुतलेल्या मलमलीत ठेवावी.