पोरगा अमेरिकेची शपथ घेतोय, मग आपल्या कानबाईचं काय?

या महिन्याच्या टपालात चार पत्रं अशी आली की चारही फिरून अमेरिकेलाच जाऊन टेकतात. अर्ध्या खान्देशातलं कोणी ना कोणी तिकडे आहे, त्यामुळे नवल नाही. मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं, पेपरात वीस मार्काला असायचं आणि पोरं आदल्या रात्री वाचायची, आता रिटायर झाल्यावर त्याच विषयाला भाव आलाय, असो.

प्रश्न : सर, माझा मुलगा न्यू जर्सीला आहे, आता तिकडचा नागरिक होतोय. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणे आई शपथ पाठ करतोय. त्यात आधीच्या देशाची निष्ठा सोडली असं म्हणावं लागतं आणि शेवटी गॉडचं नाव घ्यावं लागतं. आमच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसते, रोटाच्या दिवशी तो फोनवर का होईना पण हजर असतो. हा गॉड कोणाचा? बायबलवर हात ठेवायला लावतील का? आणि त्याच्या वडिलांच्या मागे त्याच्या नावावर आलेली केळीची जमीन जाईल का?
– एक आई, चोपडा

उत्तर : ताई, आधी जमिनीचं सांगतो, खरा घोर तिथेच असावा असं मला वाटलं, रागावू नका. वारसाने आलेली शेतजमीन नागरिकत्व बदललं म्हणून जात नाही. नवीन शेतजमीन मात्र त्याला विकत घेता येणार नाही, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना आपलं सरकार देतं ते) काढलं तरी नाही, आणि असलेली विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागेल. सातबाऱ्यावर नाव नीट चढलंय का ते आताच बघून घ्या. भारताचं नागरिकत्व मात्र जाणारच, आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही, पासपोर्ट जमा करावा लागतो.

आता शपथ. बायबल नाही, कुठलंच पुस्तक नाही, नुसता उजवा हात वर करायचा. शेवटी 'सो हेल्प मी गॉड' हे शब्द येतात हे खरं, पण आधी सांगितलं तर ते वगळता येतात, 'शपथ घेतो' ऐवजी 'प्रतिज्ञा करतो' म्हणता येतं, आणि देशासाठी शस्त्र उचलीन हे वाक्यसुद्धा ज्याच्या धर्मात बसत नाही त्याला माफ होऊ शकतं. गॉड कोणाचा ते कोणी विचारत नाही. तुमच्या लेकाने मनात कानबाई धरली तर तिथल्या साहेबाला काय कळणारंय!

ही सवलत आली कुठून त्याची गंमत आहे. आपल्याला वाटतं नास्तिक लोकांसाठी असेल. तसं नाही, ती आली भलत्याच कडक भाविकांमुळे. क्वेकर नावाचा ख्रिस्ती पंथ आहे, त्यांचं म्हणणं असं की माणसाने कायमच खरं बोलावं, मग शपथ कशाला, शपथ घेतली म्हणजे एरवी मी खोटं बोलतो हे कबूल केल्यासारखंच झालं की नाही? हे लोक कोर्टात शपथ घ्यायचे नाहीत म्हणून पूर्वी इंग्लंडात तुरुंगात गेले होते. १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहायला बसलेल्यांना हे सगळं माहीत होतं, त्यांनी जिथे जिथे शपथ लिहिली तिथे 'किंवा प्रतिज्ञा' असं लिहून ठेवलं. आणि राष्ट्राध्यक्षाच्या शपथेचे जे शब्द घटनेत छापलेत त्यात देवाचं नाव नाहीच, बायबलही नाही, ती सगळी मागाहून पडलेली रीत. १८२५ साली जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी कायद्याच्या पुस्तकावर शपथ घेतली, १८५३ ला फ्रँकलिन पिअर्स यांनी शपथ न घेता प्रतिज्ञा केली, कोणाचं काही बिघडलं नाही.

अलीकडचं सांगायचं तर २००७ साली कीथ एलिसन हे काँग्रेसवर (म्हणजे तिकडच्या संसदेवर) निवडून आलेले पहिले मुस्लिम सदस्य, त्यांनी कुराणावर हात ठेवला, तेही अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या स्वतःच्या संग्रहातलं कुराण. २०१३ ला तुलसी गॅबर्ड या हिंदू सदस्यांनी भगवद्गीता धरली. पण त्यात एक मेख आहे. प्रतिनिधीगृहाची खरी शपथ सगळे मिळून सभागृहात घेतात, तेव्हा पुस्तक लागतच नाही, पुस्तकावर हात ठेवलेला फोटो नंतर वेगळा काढतात. म्हणजे एलिसन यांच्या कुराणावरून तेव्हा जे भांडण झालं ते फोटोवरून.

निष्ठा सोडण्याचं म्हणाल तर त्या वाक्यात परका राजा, सत्ताधीश, राज्य असे जुने शब्द आहेत. कानबाई त्यात कुठे बसत नाही, आईसुद्धा बसत नाही. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी बरीच वर्षं शंभर प्रश्नांची एक यादी होती, त्यात एक प्रश्न होता, धर्मस्वातंत्र्य म्हणजे काय? सरकारनेच छापलेलं उत्तर असं की कुठलाही धर्म पाळता येतो, किंवा पाळला नाही तरी चालतो. लेकाला म्हणावं रोटाच्या दिवशी फोन लावायचा म्हणजे लावायचा.

प्रश्न : सर, एमपीएससीची तयारी करतोय. पुस्तकात वाचलं अमेरिकेत धर्म आणि शासन यांच्यात भिंत आहे. मग डॉलरवर 'इन गॉड वी ट्रस्ट' कसं काय? आमच्या अभ्यासिकेत यावरून दोन तास वाद झाला, चहाचं बिल माझ्यावर आलं.
– एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : भो, बिल तुझ्यावर आलं म्हणजे तू हरलास असं नाही. 'भिंत' हा शब्द घटनेत नाही, हे आधी वहीत लिहून घे. तो जेफरसन यांनी १८०२ साली कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना लिहिलेल्या पत्रातला. घटनेत आहे ते एवढंच : मूळ कलम ६ मध्ये सरकारी पदासाठी धर्माची अट कधीही घालायची नाही, आणि १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीत दोन गोष्टी, काँग्रेसने धर्माची स्थापना करणारा कायदा करायचा नाही आणि कोणाला धर्म पाळण्यापासून अडवायचंही नाही. पोरं पहिली गोष्ट पाठ करतात अन् दुसरी विसरतात, आणि तिथले नव्वद टक्के खटले या दोघींच्या ओढाताणीचेच असतात (टक्का माझ्या अंदाजाचा आहे, पेपरात लिहू नको). देवाचा उल्लेख म्हणशील तर अख्ख्या घटनेत तारीख लिहिताना 'आपल्या प्रभूच्या वर्षी' एवढाच, तोही त्या काळी तारीख लिहायची पद्धत म्हणून.

नोटेवरचं वाक्य घटनेनंतर कितीतरी वर्षांनी आलं. यादवी युद्ध चालू असताना, १८६४ मध्ये, ते दोन सेंटच्या नाण्यावर पहिल्यांदा आलं, माणसं मरत होती, देवाची आठवण होणारच. मग दुसऱ्या महायुद्धानंतर रशियाशी शीतयुद्ध, तिकडचे कम्युनिस्ट देव मानत नाहीत तर आपण वेगळे दिसलो पाहिजे, म्हणून १९५४ ला शाळेतल्या झेंड्याच्या प्रतिज्ञेत 'अंडर गॉड' घातलं आणि १९५६ ला नाण्यावरचं वाक्य राष्ट्राचं ब्रीद केलं, पुढच्या वर्षापासून कागदी नोटांवर. ती प्रतिज्ञा मुळात १८९२ ची, लिहिली फ्रान्सिस बेलामी यांनी, ते स्वतः बॅप्टिस्ट पाद्री होते, आणि तरी त्यांच्या मूळ मजकुरात देव नव्हता! कोर्टात कोणी गेलं की कोर्ट साधारण असं म्हणतं की हा रिवाज आहे, याने कोणावर धर्म लादला जात नाही. मला हे उत्तर पटत नाही, पटवून घेतलं तर देवाचाच अपमान होतो असं वाटतं, म्हणजे नाव आहे पण त्याला काही अर्थ नाही असंच झालं ना.

आणि कायद्याने अट नाही म्हणून लोकांच्या मनात अट नसते असं समजू नको. १९६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी जॉन केनेडी उभे होते, कॅथलिक, तर ह्यूस्टनला जाऊन प्रोटेस्टंट पाद्र्यांपुढे त्यांना सांगावं लागलं की माझा कारभार चर्च ठरवणार नाही. २००७ ला सिनेटमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेच्या वरच्या सभागृहात, पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली तेव्हा गॅलरीतून आरडाओरडा झाला, ओरडणाऱ्यांना पोलिसांनी बाहेर काढलं आणि प्रार्थना पुरी झाली. दोन्ही बाजू एकाच प्रसंगात दिसतात बघ.

आपल्याकडचं पण घाल उत्तरात, मार्क मिळतील. १७ ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने करा अशी दुरुस्ती मांडली, मतदान झालं, ४१ विरुद्ध ६८, पडली. पण आमदाराच्या शपथेत 'ईश्वरसाक्ष' आणि 'गांभीर्यपूर्वक' असे दोन पर्याय ठेवले. टीव्हीवर शपथविधी लागला की ऐक, कोण काय म्हणतं.

प्रश्न : सर, मी झेडपी शाळेत शिक्षिका आहे. चौथीतला एक मुलगा परिपाठाच्या प्रार्थनेला हात जोडत नाही, नुसता उभा राहतो. घरचे ख्रिस्ती आहेत. बाकीची पोरं माझ्याकडे तक्रार करतात. काय करू?
– एक शिक्षिका, शहादा तालुका

उत्तर : मॅडम, उभा राहतोय ना? मग राहू द्या. आपल्या घटनेचं कलम २८ काढून बघा, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते.

अमेरिकेत हे प्रकरण लई टोकाला गेलं होतं. यहोवाचे साक्षीदार नावाचा पंथ, देवाशिवाय कशालाच वंदन नाही, झेंड्यालाही नाही. त्यांच्या मुलांना शाळेतून काढलं, आणि १९४० मध्ये सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मताने शाळा बरोबर म्हटलं. त्यानंतर त्या लोकांना जागोजाग मारहाण झाली, त्यांची सभागृहं जाळली. मग वेस्ट व्हर्जिनियातल्या दोन लहान बहिणींचा खटला वर गेला, आडनाव बार्नेट, कोर्टाच्या कागदात इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी चुकून एक 'e' जादा लागला आणि आजतागायत तेच चालतं (आपल्याकडे दाखल्यावर होतं तसंच!). १४ जून १९४३ ला, तिकडच्या झेंडा दिनालाच, ऐन महायुद्धात, त्याच कोर्टाने तीन वर्षांपूर्वीचा आपलाच निकाल फिरवला, देशभक्तीची सक्ती कोणी करायची नाही म्हणून. 'अंडर गॉड' वाल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची सही झाली तीपण अकरा वर्षांनी, १४ जूनलाच.

आपल्याकडे १९८५ ला केरळात तीन भावंडांना काढलं, त्याच पंथाची, राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण म्हणायची नाहीत. १९८६ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं, त्या निकालात अमेरिकेच्या या खटल्यांचीही चर्चा आहे.

आता हे सगळं मला आज माहितीये. नोकरीला लागलो त्या वर्षी नवापूरकडचा एक मुलगा माझ्या वर्गात होता, तो पण असाच उभा राहायचा, आणि मी त्याला रांगेतून बाहेर काढून फरशीवर एकटं उभं केलं, प्रार्थना संपेपर्यंत, सगळ्या शाळेसमोर. त्याने काहीच केलं नाही, फक्त माझ्या चपलेकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने हात जोडले. मला तेव्हा वाटलं, सुधरला पोरगा. मॅडम, तक्रार करणाऱ्या पोरांना सांगा की तो गडबड करत नाही, तुम्ही प्रार्थनेत डोळे उघडून त्याच्याकडे बघता कशाला?

प्रश्न : भाचा टेक्सासला, ग्रीन कार्डवर. त्याला कोर्टाचं ज्युरीचं पत्र आलंय. जायचं का? आपल्याकडे असलं काही नसतं.
– एक मामा, भुसावळ

उत्तर : नसतं कसं, होतं की! ज्युरी म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष ते ठरवायला बसवलेले साधे नागरिक. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीच होती, १९५९ ला, नंतर आपण ती पद्धतच बंद केली. तिकडे अजून आहे आणि तिथे ते नागरिकाचं कर्तव्य मानतात, दुकान बंद ठेवून जावं लागतं, लोक कुरकुरतात पण जातात. ड्रायव्हिंग लायसनच्या यादीतून नावं उचलतात म्हणून ग्रीन कार्डवाल्यांनाही पत्र येतं. भाचा नागरिक नाही, त्याला ज्युरीत बसता येत नाही, पण पत्र कचऱ्यात टाकायचं नाही. मी नागरिक नाही असा पर्याय त्यातच असतो, तिथे खूण करून परत पाठवायचं. हौसेने नागरिक आहे असं लिहिलं तर पुढे नागरिकत्वाच्या वेळी फार महागात पडेल, मतदानाचंही तसंच, ग्रीन कार्डवर मत टाकायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. आज रात्रीच फोन करा त्याला, पण आधी घड्याळ बघा, मागच्या वेळी मी पुतण्याला पहाटे चारला उठवलं होतं.