केस स्टडीतली 'केस' पडते कुठून?

प्रश्न आलाय की व्यवस्थापनाच्या प्रबंधात केस स्टडी पद्धतीला 'व्यष्टी अध्ययन' म्हटलं तर चालेल का. पाठ्यपुस्तकवाले चालवतात, मला नाही पटत. व्यष्टी म्हणजे समष्टीच्या उलट, सुटा घटक. मानसशास्त्रात एका पेशंटचा अभ्यास असेल तर ठीक, पण इथे केस म्हणजे कधी दोन कंपन्यांचं विलीनीकरण, कधी फसलेलं सॉफ्टवेअर, कधी संचालक मंडळाचा एखादा निर्णय, आणि ते आजूबाजूच्या भानगडींतून सुटं काढता येत नाही म्हणून तर ही पद्धत वापरायची! केस स्टडी पद्धतीवर पुस्तक लिहिणारा रॉबर्ट यिन १९८४ च्या त्या पुस्तकापासून हेच सांगतोय, की घटना कुठे संपते आणि संदर्भ कुठे सुरू होतो ते नीट दिसत नसेल तिथे केस स्टडी.

आता खरी गंमत. सूटकेसमधली केस वेगळी, ती लॅटिन 'काप्सा' म्हणजे पेटी. आपली केस 'कासुस'वरून, मूळ धातू 'कादेरे' म्हणजे पडणे. अॅक्सिडेंट आणि चान्स त्याच घरातले. व्याकरणातली विभक्तीसुद्धा इंग्रजीत केसच, कारण ग्रीकांनी तिला 'प्तोसिस' म्हणजे पडणं म्हटलं आणि रोमनांनी ते उचललं. आणि मराठीत बघा, प्रसंग पडतो, प्रश्न पडतो, गाठ पडते, दुष्काळ पडतो! जे समोर येऊन पडलं ती केस. माझं तर ठाम मत आहे की हा अर्थ मराठी माणसाला शिकवावाच लागत नाही, पण व्यष्टीवाले पडलेली गोष्ट सोडून पेटी घेऊन बसलेत.

म्हणून केस स्टडीला माझा शब्द 'प्रकरण अभ्यास'. "हे काय प्रकरण आहे?" हाच संशोधकाचा प्रश्न असतो ना.

बाकी खूष ग्राहकाचं कौतुक छापून त्याला केस स्टडी म्हणणं बंद करा, ती जाहिरात आहे. आणि हार्वर्डच्या वर्गात चर्चेला देतात ती केसही संशोधन नव्हे, ती शिकवायचं साधन, मुद्दा ठसावा म्हणून तिच्यात तपशील बदलले तरी चालतात, संशोधनात तसं केलं तर डिग्री जाईल.

"एका कंपनीवरून काय सिद्ध होणार" म्हणणाऱ्यांनी यिन परत वाचावा, एका केसवरून सगळ्या कंपन्यांची टक्केवारी काढायची नसते, सिद्धांत तपासायचा असतो. व्यवस्थापनाच्या संशोधक कॅथलीन आयझेनहार्टने १९८९ मध्ये चार ते दहा केसेस बऱ्या असं लिहिलं आणि तेव्हापासून गाइड लोक आकडा धरून बसलेत. १९९१ मध्ये डायर आणि विल्किन्स या त्याच क्षेत्रातल्या दोघांनी तिला सुनावलं की दहा वरवरच्या केसेसपेक्षा एक खोलात सांगितलेली बरी. मी त्यांच्या बाजूने, कारण दहा ठिकाणी धावणारा माणूस कुठल्याच ऑफिसात दुसरा चहा प्यायला थांबत नाही आणि लोक खरं बोलतात ते दुसऱ्या चहाला.

हां, प्रबंधात एक घोळ होईल, 'प्रकरण तिसरे : प्रकरण अभ्यास'. तिथे सरळ 'केस स्टडी' लिहा.